आमच्या आयरिश माध्यमाच्या शाळेला कायमची जागा हवी आहे: अनुभव आणि सल्ला हवा

रानजाई
रविवार, रात्री 10.15

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते.

आम्ही आयर्लंडमध्ये किल्डेअर काउंटीतल्या एका गावात राहतो. दोन्ही मुलं गेलस्कॉलमध्ये जातात. गेलस्कॉल म्हणजे आयरिश माध्यमाची प्राथमिक शाळा. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मी शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर आहे. इथे मंडळात आठ जण असतात: संरक्षक संस्थेचे (जिच्या छत्राखाली शाळा चालते ती) दोन, पालकांनी निवडून दिलेले दोन, मुख्याध्यापिका, एक शिक्षक आणि गावातले दोन. पालकांच्या दोघांपैकी एक मी. निवडून आले तेव्हा मला आयरिशची दहा वाक्यंसुद्धा धड येत नव्हती.

शाळा भरते गावातल्या गेलिक खेळांच्या क्लबच्या आवारात, प्रीफॅबच्या, म्हणजे बाहेर तयार करून आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्यांत. इथली नवी शाळा एकदम पूर्ण उघडत नाही. पहिल्या वर्षी फक्त चार-पाच वर्षांची मुलं घेतात, ती पुढे सरकतात, मागून नवी येतात. आठ वर्षांनी आठ इयत्ता पूर्ण होतात. म्हणजे दर उन्हाळ्यात ट्रकवरून एक नवी खोली येते आणि क्लबच्या पार्किंगचा आणखी एक तुकडा जातो. क्लबचे लोक आजवर एकदाही कडवट बोललेले नाहीत. उलट पाऊस असला की हॉल उघडून देतात. पण त्यांच्याकडेही खेळायला येणारी मुलं वाढताहेत, त्यांनाही जागा हवी आहे. करार वर्षावर्षाचा आहे आणि दर वसंतात आमच्या पोटात गोळा येतो.

पावसाचं सांगते, कारण बाहेरच्यांना ते किरकोळ वाटतं. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाच्या दोन तऱ्हा असतात, एक रुंद आणि एक अरुंद. ‘बो’ म्हणजे गाय. तोच ब जरा य-कडे झुकवला, ‘ब्यो’ केला, की अर्थ होतो जिवंत. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी आयरिश कुणी बोलत नाही, त्यामुळे हा फरक त्यांना फक्त बाईंच्या तोंडून ऐकूनच कळतो. प्रीफॅबच्या छतावर सर कोसळायला लागली की बाई थांबतात. किल्डेअरमध्ये सर किती वेळा कोसळते ते इथल्यांना माहीत आहे. मी एकदा वर्गात मदतीला बसले होते, त्या तासात बाई चार वेळा थांबल्या.

आता प्रश्न. शिक्षण खात्याकडून वर्षानुवर्षं एकच उत्तर येतं: जागेचा शोध चालू आहे. कुठली जागा, किती जागा पाहिल्या, काही सांगत नाहीत. पालक चिडतात आणि ते मलाच विचारतात. आम्ही नेमकं कुठे रेटा लावायचा? आणि एक जरा वैयक्तिक प्रश्न: आम्ही बाहेरून आलेली माणसं. या बाबतीत पुढे होऊन बोलावं का?

---

शेवंता
रविवार, रात्री 10.50

वाचतेय. आमचीही लेक डब्लिनमध्ये नीनराला (आयरिश बालवाडी) जाते, पुढे गेलस्कॉलचाच विचार आहे. पावसाचं वाचून गलबललं.

---

नकाशेवाला
सोमवार, सकाळी 7.30

मी पुण्यात नगररचनेचं काम करायचो, आता कॉर्कमध्ये त्याच क्षेत्रात आहे. शाळांच्या जागांच्या फायली दोन्हीकडे पाहिल्या आहेत. सविस्तर लिहितो.

खातं जागेचं नाव सांगत नाही यामागे बहुतेक वेळा किंमत असते. अमुक शेतावर सरकारचा डोळा आहे हे मालकाला कळलं की भाव त्याच संध्याकाळी वर जातो. शहरात जमीन किती महाग आहे त्याचं उदाहरण म्हणजे डब्लिनचं हॅरॉल्ड्स क्रॉस. तिथलं शर्यतीच्या कुत्र्यांचं स्टेडियम 2017 मध्ये बंद झालं आणि खात्यानं ती जागा शाळांसाठी सुमारे 2.3 कोटी युरोला घेतली. म्हणून जागेचं नाव विचारत बसू नका, ते मिळणार नाही. माहिती अधिकारातही व्यावसायिक गोपनीयतेचं कलम पुढे करतील. विचारायचं ते प्रक्रियेबद्दल. शाळा किती वर्गखोल्यांची धरली आहे? किती जागांची तांत्रिक तपासणी झाली? काउंटी कौन्सिलला शेवटचं पत्र कधी गेलं? अशा प्रश्नांना किंमत आड येत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज फुकट आहे, उत्तर साधारण चार आठवड्यांत द्यावं लागतं. शिवाय तुमच्या मतदारसंघातल्या डॉलच्या (इथल्या संसदेचं कनिष्ठ सभागृह) सदस्याला सांगून मंत्र्यांना लेखी प्रश्न टाकायला लावा. त्याचं उत्तर सगळ्यांना वाचायला खुलं असतं, आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला की दोन उत्तरं शेजारी ठेवून बघता येतं काही हललं का.

दुसरं, कौन्सिल. 2012 पासून शिक्षण खातं आणि स्थानिक प्रशासनं यांच्यात शाळांच्या जागांसाठी सहकार्याचा करार आहे. जागा शोधणं, मालकाशी बोलणं, हे कौन्सिलचे अधिकारी खात्यासाठी करतात. म्हणजे निम्मं काम तुमच्या काउंटीच्या कचेरीत होतं, डब्लिनच्या मंत्रालयात नाही. लोक सगळा जोर मंत्र्यांवर लावतात आणि कौन्सिलच्या सभेला जातच नाहीत, ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या गावाचा स्थानिक क्षेत्र आराखडा. कुठल्या जमिनीवर घरं, कुठे उद्योग, कुठे शाळा, हे त्यात रंगवलेलं असतं आणि त्यावर मत देण्याचा अधिकार निवडून आलेल्या सदस्यांचा असतो. पुण्या-मुंबईच्या लोकांनी ‘विकास आराखड्यातलं आरक्षण’ डोळ्यासमोर आणावं. जमीन घरांसाठी रंगली की ती शाळेच्या हातून गेली, कारण घरांच्या भावाशी खातं स्पर्धा करू शकत नाही. शाळेसाठी रंगली तर भाव आवाक्यात राहतो. मात्र रंग म्हणजे मालकी नव्हे. मालकाला विकायचीच नसेल तर रंगलेली जमीनही वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. शेवटचा उपाय सक्तीच्या संपादनाचा आहे, पण तो लांबचा रस्ता.

पालकांना दिसलेला ‘रिकामा तुकडा’ बहुधा का नाकारला जातो तेही लिहितो. पुराचा धोका. रस्त्याला वळण असलं तर बाहेर पडणाऱ्या गाडीला दोन्ही बाजूंचं पुरेसं दिसत नाही. सांडपाण्याच्या वाहिनीत क्षमता नाही. जमिनीखाली जुनी वर्तुळाकार गढी असली तर पुरातत्त्वाची परवानगी. आणि मुख्य म्हणजे शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळची गर्दी.

---

जुनी_शिक्षिका
सोमवार, दुपारी 1.05

मी मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं. रानजाई, तुझा धागा वाचताना मला माझी शाळा आठवली. तीन मजली दगडी इमारत, मोठं पटांगण, गच्चीवर बाग. मी लागले तेव्हा एका इयत्तेच्या तीन-तीन तुकड्या होत्या. निवृत्त झाले तेव्हा पहिलीत अकरा मुलं होती. इमारत तशीच भक्कम उभी होती. आजूबाजूच्या घरांत मराठी बोललं जात होतं, पण मूल शाळेत घालायची वेळ आली की पावलं इंग्रजी शाळेकडे वळत होती. त्यामुळे मुलं आहेत पण खोल्या नाहीत हे दुःख वाचून मला थोडं बरंही वाटलं, खरं सांगते.

एक शंका मनापासून विचारते. मुलं घरी मराठी बोलतात, बाहेर इंग्रजी. त्यात शाळेत तिसरीच भाषा. लहान जिवावर भार होत नाही का? आणि पुढे त्या भाषेचा उपयोग काय, असं तुमचे सासू-सासरे विचारत असतील ना?

---

रानजाई
सोमवार, रात्री 9.40

बाई, विचारतात. माझ्या आईनंच पहिल्यांदा विचारलं.

सुरुवातीची दोन वर्षं शाळेत पूर्ण आयरिश, मग इंग्रजी वाचन-लेखन सुरू होतं. इंग्रजीची काळजी नाही, ती रस्त्यावरून, टीव्हीवरून आपोआप येते. लेक आता तिसरीत आहे, वयाला साजेसं इंग्रजी वाचते. मला वाटलं होतं मराठी मागे पडेल. झालं उलटंच. पूर्वी तिला मराठी ही फक्त घरातली, बाहेर लपवायची गोष्ट वाटायची. आता तिच्या वर्गात सगळ्यांचीच घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी. पोलिश मुलगा, ब्राझीलची मुलगी, इंग्रजी बोलणाऱ्या घरातली आयरिश मुलं, सगळी एकाच पायरीवर उभी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ती ‘जिला मागून इंग्रजी शिकवायचंय ती’ झाली असती. इथे ती कुणाच्याही मागे नव्हती.

उपयोगाचं म्हणाल तर 2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आयरिश येतं असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र 71,968. देशाची लोकसंख्या 51 लाखांवर. घटनेच्या आठव्या कलमानुसार ही पहिली राजभाषा, आणि रोज बोलणारे एवढेच. ही भाषा कशी गेली हेही इथे राहून कळलं. 1831 पासून सरकारी शाळा निघाल्या त्या इंग्रजीत. मुलाच्या गळ्यात काठी अडकवायची, आयरिश शब्द तोंडून गेला की काठीवर एक खाच, संध्याकाळी खाचा मोजून शिक्षा. मग दुष्काळ आला, आयरिश बोलणारे गरीब लाखोंनी मेले, उरलेले बोटीत बसले. आईबापांनीच ठरवलं की पोरांना ही भाषा द्यायची नाही, कारण तिच्यावर पोट भरत नाही. हे वाचताना मला ते आईबाप परके वाटले नाहीत.

---

लागनकाठ
मंगळवार, सकाळी 8.20

बेलफास्टहून लिहितोय, म्हणजे ब्रिटनच्या राज्यातल्या उत्तर आयर्लंडमधून. रानजाईच्या ‘बोलावं का’ या प्रश्नासाठी इथली एक हकिगत सांगावीशी वाटते.

पश्चिम बेलफास्टमध्ये शॉज रोडवर 1969 च्या सुमारास काही तरुण जोडप्यांनी ठरवलं की मुलांना आयरिशमध्येच वाढवायचं. स्वतः आयरिश शिकलेली माणसं ही, जन्मानं त्या भाषेतली नव्हेत. त्यांनी जमीन घेतली आणि शेजारी शेजारी घरं बांधली. मग मुलांना शाळा हवी. सरकार दाद देईना. 1971 मध्ये तिथेच शाळा सुरू केली, नऊ मुलांची. सरकारी मान्यता आणि पैसा मिळाला 1984 मध्ये. तेरा वर्षं शिक्षकांचे पगार लोकांनी वर्गणीतून दिले. तेव्हा बेलफास्ट कसं पेटलेलं होतं ते वेगळं सांगायला नको. यांचीच माणसं बॉम्बे स्ट्रीटवरची 1969 च्या दंगलीत जळालेली घरं पुन्हा उभी करायलाही गेली होती. त्यांचं बोधवाक्य होतं ‘ना हॅबर ए, जेन ए’: बोलू नकोस, कर.

पुढे 1991 मध्ये माध्यमिक शाळा निघाली, तीही नऊच मुलांवर. जागा मिळाली फॉल्स रोडवरच्या जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या इमारतीत. आज ती इमारत कुल्टूरलन नावाचं आयरिश सांस्कृतिक केंद्र आहे आणि शाळा बीचमाउंटला मोठ्या जागेत गेली आहे. मी शनिवारी कुल्टूरलनच्या कॅफेत चहा घेतो. तिथे काउंटरवरची पोरं माझ्याशी आधी आयरिशमध्येच बोलतात, मग माझा चेहरा पाहून हळू बोलतात, पण भाषा बदलत नाहीत.

तेव्हा बोला. जो शिकायला बसला तो त्या भाषेचा, एवढंच इथे पाहिलं आहे.

---

मळ्याकाठी
मंगळवार, रात्री 11.10

लागनकाठ यांच्याबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं म्हणतो. 1971 चं बेलफास्ट आणि आजचं किल्डेअर यांत फरक आहे. तेव्हा जमीन घेऊन शेड टाकता येत होती. आज ते चालणार नाही, आणि चालू नयेही. दक्षिणेतही, म्हणजे आपल्या आयर्लंड प्रजासत्ताकात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत जागेचा भार संरक्षक संस्थेवर आणि पर्यायानं पालकांवर असायचा, तो सरकारनं उचलला हे चांगलंच झालं. पालकांनी पुन्हा तो खांद्यावर घेऊ नये.

माझी सूचना व्यवहाराची आहे. मी मीथ काउंटीत राहतो. आमच्याकडे नव्या वसाहतीत एकाच आवारात दोन शाळा बसवायचा विचार पुढे आला: एक इंग्रजी माध्यमाची, एक आयरिश. प्रवेशद्वार एक, हॉल एक, पार्किंग एक. जागा निम्मी लागते, खात्याला परवडतं, लवकर होतं. आमच्या गेलस्कॉलच्या पालकांनी विरोध केला आणि प्रकरण मागे पडलं. माझा मुलगा प्रीफॅबमध्येच सहावी पूर्ण करून बाहेर पडला. आज विचाराल तर मी म्हणेन, घ्यायला हवं होतं. तुमच्यापुढे असा प्रस्ताव आला तर नाही म्हणू नका.

---

शेवंता
बुधवार, सकाळी 9.00

पण मैदान एकच असेल तर मधल्या सुट्टीत मुलं इंग्रजीच बोलणार ना? आमच्या नीनरातल्या बाई म्हणतात, वर्गात मुलं बाईंसाठी बोलतात, खरी भाषा मैदानावर कळते.

---

रानजाई
बुधवार, रात्री 10.05

मळ्याकाठी, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. हा प्रश्न आमच्या मंडळातही आला होता, नाव न घेता सांगते. मी दोन रात्री विचार केला.

शेवंता म्हणते ते खरं आहे. आमच्या मैदानावर आज पकडापकडी आयरिशमध्ये चालते. भांडणंसुद्धा. ‘ती माझ्या पुढे घुसली’ अशी तक्रार पाच वर्षांचं पोर आयरिशमध्ये घेऊन येतं, कारण बाईंपर्यंत ती दुसऱ्या भाषेत पोचतच नाही. दीडशे मुलांच्या शेजारी चारशे इंग्रजी बोलणारी मुलं आली तर महिन्याभरात पकडापकडी इंग्रजीत जाईल. यात त्या मुलांचा दोष नाही, मोठ्या भाषेचा स्वभावच तसा. आपल्या सोसायटीत आठ मराठी मुलं आणि दोन अमराठी मुलं खेळत असली तरी खेळ हिंदीत चालतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून माझं मत असं बनलं: एक आवार चालेल, पण मैदान वेगळं, दार वेगळं, सुट्टीची वेळ वेगळी. हॉल वाटून घेऊ, पार्किंग वाटून घेऊ. मैदान वाटणार नाही. हे आधीच लेखी हवं, इमारत उभी राहिल्यावर नाही.

---

मळ्याकाठी
बुधवार, रात्री 10.40

वेगळ्या मैदानाची अट आम्हाला तेव्हा सुचली नाही. आम्ही सरळ नको म्हणालो. पटलं.

---

नकाशेवाला
गुरुवार, सकाळी 7.15

ही अट शाळेच्या गरजांच्या आराखड्यात, म्हणजे वास्तुरचनाकार नेमण्याआधीच, घालायला हवी. नंतर नकाशात बदल म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा उशीर.

अजून एक. पुढे नियोजन परवानगीचा अर्ज पडेल तेव्हा पाच आठवड्यांत कुणीही 20 युरो भरून लेखी म्हणणं मांडू शकतो. शेजारचे वाहतुकीबद्दल हरकती घेतील, तो त्यांचा हक्क आहे आणि बऱ्याचदा मुद्दे रास्त असतात. पण पाठिंब्याची पत्रंही त्याच वाटेनं जातात, हे पालक विसरतात. कौन्सिलचा निर्णय साधारण आठ आठवड्यांत, त्यावर चार आठवड्यांत अपील. एका अपिलानं शाळेचं एक अख्खं वर्ष जाऊ शकतं. म्हणून हरकत यायच्या आधीच शेजाऱ्यांच्या घरी जा, चहा घ्या, गाड्यांचं काय करणार ते सांगा. क्लबमधल्या जुन्या माणसाला सोबत न्या.

---

जुनी_शिक्षिका
गुरुवार, दुपारी 12.30

शेजाऱ्यांकडे जायचं वाचून इर्जिक आठवलं. आमच्या गावी एकाच्या शेतात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, जेवण त्याच्याकडे. तिकडेही असं काही असतं का गं?

---

रानजाई
गुरुवार, रात्री 8.50

असतं बाई! ‘मेहल’ म्हणतात. कापणीला, गवत गोळा करायला सगळे शेजारी एकेकाच्या शेतात जायचे. आता शेतात यंत्रं आली, पण शब्द जिवंत आहे, सार्वजनिक कामासाठी सगळे जमले की मेहलच म्हणतात. क्लबनं आम्हाला पहिल्या वर्षी जागा दिली तेव्हा पाया सपाट करायला जमलेल्यांना मुख्याध्यापिकांनी हाच शब्द वापरला होता.

---

रानजाई
पाच आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी 6.30

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

गावाच्या स्थानिक क्षेत्र आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. सहा आठवडे सूचना घेतात, त्याला पैसे लागत नाहीत. नकाशेवाला यांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही नकाशा मोठा छापून क्लबच्या हॉलमध्ये भिंतीवर लावला. स्टेशनकडच्या बाजूला नव्या घरांसाठी मोठा पट्टा आहे, शाळेसाठी मात्र त्यात काहीच राखलेलं नाही. पालक तासभर नुसते बघत उभे होते. आजवर आम्ही खात्याला पत्रं लिहीत होतो आणि इथे आमच्या डोळ्यांसमोर गाव रंगत होतं.

सूचनेत आम्ही तीन गोष्टी मागितल्या: त्या पट्ट्यात प्राथमिक शाळेसाठी जमीन राखावी, तिला स्टेशनकडून पायी येता येईल असा रस्ता असावा, आणि एकाच आवारात दोन शाळा येणार असतील तर मैदानं वेगळी धरून क्षेत्र मोजावं. शेवटची गोष्ट मीच सभेत मांडली. माझं आयरिश अडखळत होतं, मग इंग्रजीत पूर्ण केलं. कुणी हसलं नाही.

नोटिशीत एक ओळ सापडली जी आम्हाला ठाऊक नव्हती: मुलांनाही सूचना पाठवण्याचा हक्क आहे. मग चौथी ते सहावीच्या मुलांनी आपापली पत्रं लिहिली. सगळी आयरिशमध्ये. एकानं हॉलचं चित्र काढून त्यात बास्केटबॉलची जाळी दोन्ही बाजूंना दाखवली आहे. आमच्या तिसरीतल्या बाईसाहेबांना, म्हणजे लेकीला, या गटात घेतलं नाही म्हणून त्यांनी घरी बसून स्वतंत्र पत्र लिहिलं. पावसाबद्दल.

---

लागनकाठ
शनिवार, संध्याकाळी 7.05

आयरिशमध्ये लिहिलं हे फार छान केलंत. 2003 च्या राजभाषा कायद्यानुसार तुमच्याकडे सरकारी संस्थेला आयरिशमध्ये पत्र आलं तर उत्तर आयरिशमध्येच द्यावं लागतं. आमच्याकडे उत्तरेत तो कायदा नाही, तुमच्याकडे आहे तर वापरा.

---

रानजाई
पुढच्या बुधवारी, रात्री 9.20

आलं! लेकीच्या नावानं कौन्सिलचं पाकीट आलं, आत एक पान. मला पहिल्या दोन ओळी कळल्या, पुढे अडले. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि ओट्याशी उभं राहून मोठ्यानं वाचलं, मग मराठीत सांगितलं: तुझी सूचना मिळाली, तिला हा क्रमांक दिला आहे, सदस्यांच्या सभेपुढे ठेवली जाईल. ‘सदस्य’ हा मराठी शब्द मात्र तिनं मला विचारून घेतला.

सदस्यांची सभा पुढच्या महिन्यात आहे. संध्याकाळी सात वाजता, लोकांना बसून ऐकता येतं.

---

नकाशेवाला
बुधवार, रात्री 9.45

तो क्रमांक जपून ठेवा. सभेआधी मुख्य अधिकाऱ्याचा अहवाल येतो, त्यात सूचनांचा गोषवारा आणि त्यांचं मत असतं. तो आला की मला पाठवा, मी रात्रीतून वाचून देतो. आणि सभेला किमान वीस जण तरी या.

---

मळ्याकाठी
बुधवार, रात्री 10.00

मी येतो. मीथहून तासाभराचा रस्ता आहे. मुलालाही आणतो, त्याला बोलायचं असेल तर आयरिशमध्ये बोलेल.